पलीकडच्या प्लॉटातलं बिऱ्हाड

"अगं, ऐकलंस का? मागच्या प्लॉटात नवं बिऱ्हाड आलंय."

काकू कुंपणाच्या तारेवर फडकं वाळत घालत होत्या. मी चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसले होते. आमच्या दोन घरांमध्ये भिंत नाही, तारेचं कुंपण आहे, आणि त्याच्यावरून वाटीभर साखर, कढीपत्त्याची डहाळी नि वसाहतीतल्या सगळ्या बातम्या जात-येत असतात. सासवडच्या कडेला आहे आमची वसाहत. दोघींच्याही मागे एक मोकळा प्लॉट, त्यापुढे नुसता माळ. प्लॉटचा मालक पुण्याला असतो. दोन वर्षांपूर्वी त्याने बांधकामासाठी खडी आणून टाकली, मग त्याचं काही बिनसलं, आणि ती खडी तशीच पसरून राहिली.

"कोण आलंय?" मी विचारलं. त्या प्लॉटात पत्र्याची शेडसुद्धा नाही.

"टिटवी," काकू म्हणाल्या. आवाज असा, की भाडं बुडवणारा भाडेकरू आलाय. "आता बघ, रात्रभर बोंब. आमच्या सासूबाई टिटवी ओरडली की चुलीतलं जळतं लाकूड काढून अंगणात टाकायच्या. गावात कोणीतरी जाणार म्हणून समजायचं."

"गेलं का कोणी?"

"जायचंच की कोणीतरी. एवढं मोठं गाव."

टिटवीवरच्या आरोपपत्रातली गोम हीच. ती जवळजवळ रोज रात्री ओरडते आणि मोठ्या गावात माणसंही जातच असतात. दोन्ही गोष्टींची गाठ घालायला फार कष्ट पडत नाहीत. ज्या रात्री ती ओरडली आणि सगळे सकाळी ठणठणीत उठले, त्या रात्रींचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. खरं म्हणजे टिटवी रात्रीही जागी असते, चांदण्यात तर चरायलासुद्धा फिरते. कुत्रं आलं, मांजर आलं, साप सरपटला, कोणी दारू पिऊन माळावरून घरी निघाला, की ती उठते आणि सगळ्या शिवाराला सांगते. वसाहतीच्या राखणदाराला महिन्याला पैसे द्यावे लागतात, आणि तो बारा वाजता खुर्चीत झोपतो. ही फुकट जागते, तर ती अवदसा!

काकूंना मी हे म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुला काय, तुझी खोली पुढच्या बाजूला आहे."

तर आधी नव्या भाडेकरणीचं रंगरूप सांगते, कारण वसाहतीत पहिली चौकशी तीच होते. उंची बेताची, चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण एक फूट. डोकं, गळा, छाती काळी कुळकुळीत. डोळ्यामागून मानेच्या कडेने थेट पोटापर्यंत उतरणारा पांढरा पट्टा, जसा नीट इस्त्री केलेला पदर. पाठ तपकिरी, पाय लांब आणि हळदीसारखे पिवळे. चोच लाल, टोकाला काळी. आणि डोळ्यापुढे लाल मांसल गाठ, तिच्यामुळेच पुस्तकात तिचं नाव लाल गाठीची टिटवी. नवरा-बायको दिसायला अगदी सारखे, त्यामुळे पहिले दोन आठवडे आम्ही कोणाबद्दल बोलतोय ते आम्हालाच कळत नव्हतं. पुढे माळावर हिची चुलत बहीण असते, माळटिटवी. तिची गाठ पिवळी, डोक्यावर काळी टोपी, आणि ती कोरड्याठाक जागी राहते. आमच्या बाईला मात्र जवळपास पाणी लागतं. ते कशासाठी, हे पुढे काकूंनीच शोधून काढलं.

मार्चच्या मध्यावर जोडप्याने जागा बघायला सुरुवात केली. एक जण खडीवर छाती टेकवून बसायचा, गोल फिरायचा, पायाने खडे मागे उडवायचा. मग उठून दोन पावलं बाजूला जाऊन पुन्हा तेच. दुसरा बाजूला उभा राहून बघायचा.

"फ्लॅट बघायला आल्यासारखं चाललंय," काकू म्हणाल्या. "हॉल लहान वाटतोय वाटतं."

शेवटी जी जागा ठरली, ती खडीच्या ढिगाच्या उतारावर, बशीएवढी खळगी. भोवती वेचून आणलेले चार खडे नि शेळीच्या लेंड्या. झालं घर. काडी नाही, कापूस नाही, आडोसा नाही, वर छप्पर नाही. सुगरण कितीतरी दिवस विणत बसते, तिचं कौतुक शाळेच्या पुस्तकात येतं. टिटवीचं घर तासाभरात तयार, आणि तिला कोणी विचारत नाही. तरी तिच्याहून आळशी मंडळी आहेत. माळावरचा रातवा तेवढीही तसदी घेत नाही, उघड्या जमिनीवर पाचोळ्यात दोन अंडी ठेवतो आणि वर डोळे मिटून बसून राहतो.

पहिलं अंडं दिसलं तेव्हा काकूंनी नानांना हाक मारली. नाना म्हणजे काकूंचे यजमान, एसटीतून निवृत्त, दुर्बीण बाळगून आहेत. कुंपणापासून घरटं पंधरा पावलांवर. काकू बोट दाखवतायत, मी बोट दाखवतेय, आणि नाना दुर्बिणीतून खडीच बघतायत. अंड्याचा रंग मातकट, खडीसारखा, त्यावर काळपट डागांचे शिंतोडे. वीस मिनिटांनी नाना म्हणाले, "दिसलं, दिसलं." काकू म्हणाल्या, "तो दगड आहे." तो खरोखरच दगड होता.

हिचा सगळा लपंडाव हाच. झाडावरचे पक्षी पानाआड लपतात, ही भर उन्हात उघड्यावर बसते आणि तरी दिसत नाही. पण पक्षीण स्वतः तर चांगली रंगीत, ती कशी लपणार? ती लपत नाहीच. कोणी लांबून येताना दिसलं की अंड्यांवरून मुकाट्याने उठते, मान खाली घालून चोरपावलांनी वीस-तीस हात चालत जाते, आणि मग तिथून ओरडत वर उडते. येणारा बिचारा ती जिथून उडाली तिथे अंडी शोधत बसतो. काकू हे बघून एकदम गंभीर झाल्या. "आमच्या जाऊबाई अशाच," म्हणाल्या. पुढचं मी लिहीत नाही.

अंडी चार झाली. चारही अंड्यांची निमुळती टोकं आत, जाड बाजू बाहेर, चौफुल्यासारखी. असं ठेवलं की चारही पोटाखाली नेमकी मावतात, एकही उघडं राहत नाही. नानांनी लगेच जाहीर केलं, "यंदा चार महिने पाऊस."

हा समज आपल्याकडेच नाही, राजस्थान-गुजरातपर्यंत आहे. टिटवीची अंडी जितकी, तितके महिने पाऊस. अंडी उंचावर घातली तर पाऊस जोराचा, खोलगट जागी घातली तर दुष्काळ. दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या पेपरात फोटोसकट बातमी असते, आणि नाना ती कापून ठेवतात. मी त्यांना एवढंच म्हटलं, की नाना, टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते, क्वचित तीन. आणि आपला पावसाळाही जून ते सप्टेंबर, म्हणजे चारच महिन्यांचा. असा ज्योतिषी चुकेल कसा? नाना म्हणाले, "मग उंचीचं काय? खडीच्या ढिगावर घातलीयत." आता याला काय सांगायचं? ती खडी मालकाने टाकली, ढगांनी नाही. हल्ली टिटव्या इमारतींच्या सपाट गच्च्यांवरही अंडी घालतात, कुठे रेल्वेच्या रुळांमधल्या खडीतही घालतात. खडीचा रंग अंड्याला मिळाला की तिचं समाधान. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर अंडी दिसली म्हणून ढगफुटी धरायची का?

पण नानांच्या बाजूने एक गोष्ट बोलायला हवी. आजूबाजूच्या सपाटीपेक्षा हातभर उंच जागा धरली तर वळवाच्या सरीत अंडी पाण्यात जात नाहीत, एवढं गणित तिला कळतं. तिला आजच्या पाण्याची काळजी आहे. ऑगस्टची काळजी नानांनी करावी.

एप्रिल लागला. आमच्याकडे दुपारी खडीवर हात ठेववत नाही. चिमण्या, साळुंक्या सावलीला गेल्या, आणि टिटवी त्या भट्टीवर. बाकीचे पक्षी अंडी उबवतात, ही या दिवसांत अंडी गार ठेवते. दुपारी ती बसत नाही, अंड्यांवर उभी राहते, पंख जरा सैल सोडून, स्वतःच्या अंगाची सावली करून. चोच उघडी, धापा टाकत. मग जोडीदार येतो, दोघांची पाळी बदलते. नवरा कामाला गेला आणि बायको घरात, असला प्रकार नाही. दोघंही बसतात.

एका दुपारी काकूंचा मला फोन. कुंपण पाच फुटांवर, पण फोन. "मागे ये. ती आपल्या पाण्यात अंघोळ करतेय."

काकूंची टाकी भरून वाहिली की कोपऱ्यात थारोळं साचतं. टिटवी त्या थारोळ्यात उतरली होती. पाय दुमडून पोट पाण्यात टेकवलं, अंग हलवून छातीची पिसं चिंब केली, आणि उडून न जाता चालत, निथळत खडीवर परतली. अंड्यांवर बसली. पाच-दहा मिनिटांनी उठली, पुन्हा थारोळ्याकडे.

आम्ही दोघी उन्हात उभ्या. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत, हे आमच्या कुंपणाच्या इतिहासात पहिल्यांदाच घडत होतं. मग म्हणाल्या, "अगं, ही पोटाला लावून पाणी नेतेय."

बरोबर. पोट भिजवायचं आणि ओल्या पिसांनी अंडी गार करायची, पिल्लं झाली की त्यांनाही तसंच ओलं करायचं, ही या टिटव्यांची रीतच आहे. पाणी जवळ हवं ते यासाठी. त्या दिवसापासून काकूंच्या टाकीचा बॉल-कॉक दुरुस्त करायला कोणाला वेळ झाला नाही, आणि कुंपणापलीकडे खडीच्या कडेला पिठाची जुनी परात पाण्याने भरून ठेवलेली दिसू लागली. रात्री ती ओरडली की आता काकू उठून बॅटरी मारतात. "कुत्रं असेल," म्हणतात.

कुत्र्यावरून आठवलं. वसाहतीतला काळा कुत्रा एकदा प्लॉटात शिरला. टिटवी त्याच्या पुढ्यात जाऊन एक पंख जमिनीवर ओढत, लंगडत पळायला लागली. कुत्रा तिच्या मागे. ती पळते, पडते, पुन्हा पळते, आणि पार पलीकडच्या बांधापाशी पोचल्यावर झकासपैकी उडाली. तोवर जोडीदार वरून कुत्र्याच्या डोक्यावर झेपा घेतोय. त्याच आठवड्यात शेळ्या आल्या. शेळीपुढे लंगडून काय उपयोग, तिला टिटवी खायची नाही, तिचा फक्त खूर पडायचा. मग बाईने डावच बदलला. अंड्यांपाशी पाय रोवून उभी राहिली, दोन्ही पंख फाकवले आणि शेळीच्या तोंडासमोर किंचाळली. शेळी बाजूने गेली. शत्रू बघून सोंग बदलायचं, हे तिला कोणी शिकवलं असेल?

"या बाबतीत तिचा नवरा बरा आहे," काकू म्हणाल्या. "गोष्टीतला नव्हता तसा."

गोष्ट म्हणजे पंचतंत्रातली. टिटवी म्हणते, समुद्रकाठी अंडी नको घालायला, भरती येईल. नवरा म्हणतो, समुद्राची काय बिशाद! समुद्राने हे ऐकलं आणि मुद्दाम अंडी नेली. मग पक्ष्यांची सभा, गरुडाकडे गाऱ्हाणं, गरुडाने विष्णूला साकडं घातलं, विष्णूने अग्निबाण काढला तेव्हा समुद्र घाबरला आणि अंडी परत दिली. त्यावरूनच आपल्याकडे टिटवी देखील समुद्र आटविते असं म्हणतात. काकूंचं या गोष्टीवर वेगळं मत आहे. "समुद्र आटवायची वेळच का आली? बायकोचं ऐकलं असतं तर गरुडाला, विष्णूला, कोणालाच त्रास पडला नसता." नाना तेव्हा दुर्बीण पुसत होते. ते काही बोलले नाहीत.

विषय निघालाच आहे तर बाकीच्या बिऱ्हाडांचंही सांगून टाकते. मोराचं नाव मोठं, पण घरात शून्य. पिसारा फुलवून झाला की तो मोकळा. जमिनीवर झुडपात अंडी घालायची, महिनाभर उबवायची, पिल्लं हिंडवायची, सगळं लांडोरीच्या माथी. आणि उलटं ऐकायचं असेल तर भातखाचरांच्या, तळ्याच्या कडेला रंगीत पाणलावा असतो. तिथे बायको थोराड आणि रंगाने भडक, नवरा फिका. बाई अंडी घालते आणि दुसरा नवरा बघायला निघून जाते. अंडी उबवणं, पोरं सांभाळणं नवऱ्याकडे. मी हे सांगितल्यावर काकूंनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "आणि पोरांचं सगळं तोच बघतो?" तोच. "रोजच्या रोज?" रोजच्या रोज. काकूंनी हे नंतर आणखी तीन घरी सांगितल्याचं मला कळलं, आणि तिसऱ्या घरी पोचेपर्यंत त्या पाणलाव्याच्या बाईचे नवरे बरेच वाढले होते.

आमच्या टिटवीकडे असलं काही नाही. म्हणून तर तिच्याबद्दल बोलायला रोज नवं शोधावं लागायचं.

शेवटचं अंडं घातल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी खळगीत हालचाल दिसली. चारपैकी तीन फुटली, एक गार निघालं. आईने टरफलं चोचीत धरून लांब नेऊन टाकली. बाहेरून अंडं खडीसारखं असलं तरी टरफल आतून पांढरं असतं, ते तिथेच राहिलं असतं तर वरून कावळ्याला दिसलं असतं. पिल्लं म्हणजे मातकट कापसाचे गोळे, खाली काड्यांसारखे लांब पाय. ती अंगावरची ओल वाळायच्या आत उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी घरटं सोडून गेलीसुद्धा. टिटवी पिल्लांच्या चोचीत घास भरवत नाही. पहिल्या दिवसापासून किडा-मुंगी स्वतः टिपायची, आई-बापाने फक्त पहारा द्यायचा. काकूंना हे मात्र पटलं नाही. "एवढ्या लहान लेकरांना?" त्यांचा मुलगा एकतीस वर्षांचा आहे आणि त्याचा डबा अजून इथून जातो.

पिल्लांना एकच धडा पाठ करावा लागतो, आणि तो सगळ्यांत मोठा. आई ओरडली की जिथे असाल तिथे जमिनीला चिकटायचं. हलायचं नाही, दिसलं तरी हलायचं नाही. नानांचा नातू सुट्टीला आला होता, त्याचा चेंडू प्लॉटात गेला. तो कुंपणाखालून घुसला, टिटवीचा जोडा डोक्यावर घिरट्या घालतोय, आणि हा चेंडूकडे चाललाय. काकू ओरडल्या, "तिथेच थांब, पाऊल उचलू नको!" त्याच्या चपलेपासून वीतभर अंतरावर एक पिल्लू पडलं होतं. आम्हाला माहीत होतं म्हणून दिसलं. पोरगा पंधरा मिनिटं एका पायावर उभा होता, मग नानांनी आत जाऊन त्याला उचलून आणला. चेंडू अजून तिथेच आहे.

एक पिल्लू तिसऱ्या दिवशी गेलं. शिक्र्याने नेलं असं नाना म्हणतात, मांजराने असं काकू. दोघांपैकी कोणीच बघितलं नाही, पण वाद आठवडाभर चालला. उरली दोन. पिल्लांना उडायला महिनाभराहून जास्त दिवस लागतात, आणि तोवर ती जमिनीवरच.

आणि नेमकं मेमध्ये मालकाला प्लॉटची आठवण झाली. जेसीबी पाठवून खडी सारखी करून घेतो, असा त्याचा निरोप आला. काकूंनी फोन लावला. मी कुंपणापलीकडून ऐकत होते. आधी त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी झाली, मग मुलांच्या परीक्षेची, आणि मग काकू म्हणाल्या, "तुझ्या प्लॉटात बाळंतीण आहे." नानांनी मध्येच फोन घेऊन 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा सांगितला. त्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं येतं, बंदूक चालवावी लागत नाही. हे नानांनी कुठे वाचलं कोण जाणे, पण ते बरोबर आहे. मालक भला माणूस. म्हणाला, दिवाळीनंतर बघू.

दोन्ही पिल्लं उडाली. सध्या माळावरच्या शेततळ्याकडे दिसतात, गाठ अजून नीट रंगलेली नाही, आवाज मात्र आईचा. आम्हाला वाटलं बिऱ्हाड गेलं. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात जोडा परत खडीवर. तेच छाती टेकवणं, तेच गोल फिरणं. या खेपेला जागा जुन्या खळगीपेक्षा हात-दोन हात वर धरली, आणि नाना दिवसभर कोणी भेटेल त्याला ते सांगत होते.

काल संध्याकाळपर्यंत अंडी तीन होती. नानांचा चेहरा उतरला होता, जेवणही धड झालं नाही म्हणे. आज सकाळी मी चहा घेऊन मागे आले, तर काकू कुंपणापाशी उभ्याच होत्या. तोंडात दात घासायचा ब्रश होता, त्यामुळे बोलता येईना. त्यांनी मला हाताची चार बोटं दाखवली.